पारेषण वाहिनी आणि हरकतीचे तीस दिवस

श्रोतेहो, नमस्कार. उच्चदाब पारेषण वाहिनी, म्हणजे लांबवर वीज वाहून नेणाऱ्या तारांची ओळ, प्रस्तावित होते तेव्हा तिला मान्यता कशी मिळते आणि त्या वाटेवर नागरिकांनी कुठे बोलायचे, याविषयी आज बोलायचे आहे. परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला वीज कायदा 2003च्या कलम 15 नुसार सात दिवसांच्या आत जाहीर सूचना द्यावी लागते, आणि ती प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत आलेल्या हरकतींचा विचार केल्याशिवाय वीज नियामक आयोगाला परवाना देता येत नाही. तीस दिवस, एवढे आवर्जून लक्षात ठेवावे, कारण एकतिसाव्या दिवशी पोहोचलेली हरकत कितीही रास्त असली तरी कायद्याने ती विचारात घेता येत नाही. ज्या गावांवरून तारा जाणार, त्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत ही सूचना मराठीतून मोठ्याने वाचली गेली पाहिजे, असे माझे जुने आणि ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या, 2006च्या अधिसूचनेत पारेषण वाहिन्यांचा समावेशच नाही. त्यामुळे खाणीसाठी किंवा औष्णिक केंद्रासाठी जशी जनसुनावणी होते, तशी वाहिनीसाठी होत नाही. मार्ग जंगलातून जाणार असेल तर वनमंजुरी आणि अभयारण्यातून जाणार असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते, पण या टप्प्यांवर लोकांना कोणी बोलावत नाही. लोकांनाच पुढे यावे लागते, आणि ते पुढे आले तर काय घडते, हे मोलेच्या प्रकरणात दिसले.

गोव्याच्या पूर्व सीमेवर भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे 240 चौरस किलोमीटरचे जंगल आहे. धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रापासून गोव्यापर्यंत येणारी 400 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी या जंगलातून नेण्याचा प्रस्ताव होता. एप्रिल 2020 मध्ये, सारा देश टाळेबंदीत असताना, वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दूरदृश्य बैठकीत त्याला हिरवा कंदील दाखवला. त्याच जंगलातून रेल्वेचे दुपदरीकरण आणि महामार्गाचे रुंदीकरणही यायचे होते. सभा घेता येत नव्हती, मोर्चा काढता येत नव्हता, तरीही शास्त्रज्ञ, विद्यार्थी, वकील, चित्रकार आणि पर्यटनावर पोट असलेले लोक लिहू लागले. कोणी अहवालांतील उणिवा दाखवल्या, कोणी तिथल्या फुलपाखरांची आणि झाडांची चित्रे काढून ते जंगल घराघरांत पोहोचवले. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीपुढे नेले.

समितीने एप्रिल 2021 मध्ये अहवाल दिला. त्यात विजेची गरज नाकारलेली नव्हती. मुद्दा होता तो मार्गाचा. त्या परिसरातून 220 केव्हीची एक जुनी वाहिनी आधीच जात होती. 220 केव्हीसाठी साधारण 35 मीटर रुंदीचा पट्टा लागतो, 400 केव्हीसाठी सुमारे 46 मीटरचा. मग अखंड रानात नवा पट्टा कशासाठी उघडायचा? जुना पट्टाच वापरावा, अशी शिफारस समितीने केली आणि एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. वीज येणारच होती, पण जंगलाला नवी चीर पडणार नव्हती. हे प्रकरण मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो, कारण पर्यायी मार्गाचा प्रश्न मंजुरी देणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, आणि तो विचारला जाण्यासाठी सामान्य माणसांना दोन वर्षे झगडावे लागले. टाळेबंदीत अशा मंजुऱ्या द्यायलाच नको होत्या, असे मला आजही वाटते.

म्हणून हरकत लिहिताना केवळ विरोध नोंदवून थांबू नये. आपला गट क्रमांक, मनोऱ्याची (टॉवरची) प्रस्तावित जागा आणि वाहिनी दुसरीकडून कशी नेता येईल, हे तिन्ही लिहावे. पुन्हा सांगतो: गट क्रमांक, मनोऱ्याची जागा, पर्यायी मार्ग.

मोबदल्याविषयी थोडक्यात. केंद्र सरकारच्या जून 2024च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनोऱ्याखालच्या जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी 30 टक्के मोबदला सुचवला आहे. 2015 मध्ये हेच आकडे 85 आणि 15 टक्के होते. मात्र या सूचना राज्याने स्वीकारल्या आहेत का, हे आधी विचारून घ्यावे. वीज कायद्याच्या कलम 164 खाली 1885च्या तार (टेलिग्राफ) कायद्याचे अधिकार मिळालेली कंपनी जमीनमालकाची संमती नसतानाही काम करू शकते, आणि अडवणूक झाल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून परवानगी मिळवू शकते. रक्कम अपुरी वाटली तर तो वाद जिल्हा न्यायाधीशांपुढे नेता येतो, आणि त्यासाठी सातबारा, पीकपाहणीची नोंद व तोडल्या जाणाऱ्या झाडांचा पंचनामा काम सुरू होण्यापूर्वीच हाताशी ठेवावा.