सैतान थुंकला म्हणून

ब्लॅकबेरी म्हणजे बांधावरच्या काटेरी जाळीत पिकणारं काळं फळ, दिसायला आपल्या तुतीसारखं. इंग्लंडच्या खेड्यांत पोरं ती वाटेल तितकी तोडून खात. पण मायकलमास उलटला की हात लावायचा नाही. मायकलमास म्हणजे २९ सप्टेंबर, देवदूतांचा सेनापती संत मायकल याचा सण. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात मायकल सैतानाशी लढतो आणि सैतान स्वर्गातून खाली फेकला जातो. पुढचं लोकांनी जोडलं. तो पडला नेमका ब्लॅकबेरीच्या काट्यांत, आणि असा चिडला की दरवर्षी त्या तारखेला येऊन फळांवर थुंकतो. काही गावांत थुंकण्यापेक्षा वाईट काहीतरी सांगत, ते इथं राहू दे. उशिराची फळं खरोखरच पाणचट होतात, बुरशी धरतात. पण पोरांना बुरशी कोण समजावत बसणार? सैतान पुरतो. १७५२ साली इंग्लंडनं कॅलेंडरातून ११ दिवस गाळले. सैतानाला ते कोणी कळवलं नसावं, कारण कित्येक गावं त्याची तारीख जुन्या हिशेबानं १० ऑक्टोबरच धरत राहिली.

आता ताटाकडे येऊ. त्या दिवशी मान भाजलेल्या गूजचा. हंस म्हटलं तर तुमच्या डोळ्यांसमोर सरस्वती येईल. हा अंगावर धावून येणारा पाळीव पक्षी. मायकलमास हा वर्षातल्या चार हिशेबी दिवसांपैकी एक. खंड भरायचा, गडी ठेवायचे-सोडायचे. आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, तसं. कापणी झालेल्या शेतात सांडलेले दाणे टिपून गूज नेमका तेव्हाच गुबगुबीत झालेला. म्हणून कुळं खंडाबरोबर मालकाला एक गूजही नेऊन देत. त्या दिवशी गूज खाल्ला की वर्षभर पैशाची ददात नाही, असंही म्हणत. नुकताच खिसा रिकामा करून आलेल्या कुळाला हे ऐकून बरं वाटत असणार! पुढे कोणीतरी गोष्ट रचली: १५८८ साली पहिली एलिझाबेथ राणी गूज खात बसली होती, तेवढ्यात स्पॅनिश आरमार हरल्याची बातमी आली, म्हणून ही प्रथा. गोष्ट छान आहे. पण कुळांच्या या गूजबद्दल जॉर्ज गॅस्कॉइन या कवीनं आधीच लिहून ठेवलंय, आणि तो वारला १५७७ मध्ये.

मला स्वतःला स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचा मायकलमास जास्त आवडतो. अलेक्झांडर कारमायकल हा अबकारी खात्यातला माणूस. एकोणिसाव्या शतकात बेटांवर फिरताना त्यानं हे सगळं टिपून घेतलं. शेतात जी जी धान्यं पिकली, त्या सगळ्यांचं पीठ मेंढीच्या दुधात मळायचं आणि ‘स्त्रुआन’ नावाची जाड भाकर भाजायची, वरून अंडी, साय आणि लोण्याचा लेप. बायका रानात गाजरं काढायला जात. खड्डा त्रिकोणीच खणायचा, मायकलच्या ढालीसारखा. दोन पायांचं गाजर निघालं की मोठा शकुन, आरडाओरडा. मग गाजरांच्या जुड्या लाल तीनपदरी दोऱ्यानं बांधून पुरुषांना भेट द्यायच्या. पुरुष घोड्यांच्या शर्यतीत गुंतलेले. त्यासाठी आदल्या रात्री शेजाऱ्याचा घोडा न विचारता सोडून नेला, तरी त्याला चोरी म्हणत नसत. अट एकच, घोडा धडधाकट परत आला पाहिजे.