तारणाचा प्याला हाती घेताना

प्रिय श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

घरातले माणूस मोठ्या दुखण्यातून उठले, मुलीला नोकरी लागली, डोक्यावरचे कर्ज फिटले, की मनात पहिला प्रश्न येतो: देवाचे हे उपकार फेडायचे कसे? कुणी दानपेटीत चार पैसे जास्त टाकतो, कुणी उपास धरतो, कुणी मंडळीला जेवू घालतो. हे सगळे चांगलेच आहे. पण त्यामागे पुष्कळदा एक हिशेब असतो, की घेतले तेवढे परत केले म्हणजे आपण मोकळे. मग पुढच्या अडचणीत तोंड उघडत नाही. ‘त्याने आधीच इतके दिले, आता कोणत्या तोंडाने मागू?’ ही नम्रता वाटते खरी, पण तिने प्रार्थना बंद पडते.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले ११६ वे स्तोत्र उघडा. गाणारा मरणाच्या दारातून परत आलेला आहे. १२ व्या वचनात तो आपलाच प्रश्न विचारतो: परमेश्वराने केलेल्या सगळ्या उपकारांचा मी उतराई कसा होऊ? आता तो ‘अमुक देईन’ म्हणेल असे वाटते. पण १३ व्या वचनात तो म्हणतो, मी तारणाचा प्याला हाती घेईन आणि परमेश्वराच्या नावाचा धावा करीन. म्हणजे उतराई होण्यासाठी तो पुन्हा हात पुढे करतो. हाच धावा त्याने ४ थ्या वचनात संकटात केला होता, १७ व्यात उपकारस्तुतीच्या यज्ञाबरोबर तो पुन्हा येतो, आणि २ ऱ्या वचनात तर त्याने जन्मभराचे बोलून ठेवले आहे. संकट टळले तरी धावा थांबत नाही.

असे का, ते ५० व्या स्तोत्रात सापडते. देव म्हणतो, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, सारे जग माझेच आहे. ज्याला कशाचीच उणीव नाही, त्याची भरपाई आपण कशी करणार? तो देणारा आहे हे मान्य करून पुन्हा त्याच्याच दारी जाणे, हाच त्याचा मान. म्हणून तिथे १४ व्या वचनात उपकारस्तुती कर अशी आज्ञा आहे आणि लगेच १५ व्यात संकटाच्या दिवशी माझा धावा कर, अशी.

मोशेच्या नियमशास्त्रातला उपकारस्तुतीचा यज्ञही जरा जवळून पाहण्याजोगा आहे. लेवीय ७ व्या अध्यायाप्रमाणे जनावराबरोबर तेलात मळलेल्या बेखमीर, म्हणजे न आंबवलेल्या पोळ्या, तेल लावलेल्या बेखमीर चपात्या, तेलात भिजवलेल्या सपिठाच्या पोळ्या आणि शिवाय खमिराची भाकर आणायची. चरबी वेदीवर जाई, ऊर आणि उजवी मांडी याजकांना मिळे, आणि उरलेले मांस आणणाऱ्याच्या घरी परत येई. ते त्याच दिवशी खायचे, सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही. नवसाच्या यज्ञाचे मांस दुसऱ्या दिवशीही चाले, याचे चालत नसे. एवढे मांस एका घराला एका दिवसात कसे संपणार? चार माणसे बोलवावीच लागत, आणि हे जेवण कशाबद्दल ते त्यांना सांगावे लागे. देवाला द्यायला निघालेला माणूस शेवटी देवाच्याच पंक्तीला बसे.

११६ व्या स्तोत्रातला प्याला पेयार्पणाचा, म्हणजे देवापुढे ओतायच्या द्राक्षारसाचा, की अशा जेवणाचा, यावर अभ्यासकांची दोन मते आहेत. पेयार्पणाचा द्राक्षारस मापून ओतत. गणना १५ प्रमाणे कोकरामागे पाव हिन, म्हणजे साधारण एक लिटर. मला जेवणाचा प्याला जास्त पटतो, कारण इथे ओतण्याचा शब्दही नाही. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या रात्री ११३ ते ११८ ही स्तोत्रे म्हणण्याची यहुदी रीत आहे, आणि ११६ वे त्यांतले जेवणानंतरचे.

आता आपल्या प्रार्थनेकडे येऊ. आधी मिळालेल्या एकाच गोष्टीचे नाव घ्या. ‘सगळ्याबद्दल आभार’ म्हटले की मन कशावरच टेकत नाही. मग त्याच गोष्टीतून पुढचे मागणे उचला. मुलाचा ताप उतरला, तर दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या लेकरासाठी मागा. नोकरी लागली, तर त्या नोकरीत खोट्या कागदावर सही न करण्याचे बळ मागा. शेवटी हे एखाद्या माणसाजवळ बोला, कारण ११६ व्या स्तोत्राच्या १४ आणि १८ या दोन्ही वचनांत नवस फेडणे ‘सर्व लोकांच्या देखत’ आहे.

मागणे दोन ठिकाणी बिघडते. याकोब ४:३ सांगते की चैनीत उधळायला मागितले तर मिळत नाही. आणि निर्गम १६ मध्ये रानात इस्राएल लोकांना माणशी एक ओमर (एक माप) मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, रोज मिळत असताना काहींनी तो सकाळपर्यंत साठवला, तर त्यात किडे पडून घाण सुटली. उद्या पुन्हा मागावे लागू नये म्हणून केलेला साठा होता तो. शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, देवानेच दुप्पट गोळा करायला सांगितले, तेव्हा मात्र काही नासले नाही.

आज रात्री ११६ वे स्तोत्र मोठ्याने वाचा. १९ वचने आहेत, दोन-तीन मिनिटांत होतात. १२ वे वाचून थांबू नका, त्याच दमात १३ वे घ्या. लगेच पुढचे ११७ वे अवघ्या दोन वचनांचे आहे आणि त्यात सगळ्या राष्ट्रांना स्तुतीला बोलावले आहे, तेव्हा ते घरातल्या सगळ्यांनी मिळून म्हणा.