शिळेवरचा एक मुलगा आणि सदतीस नियम

मित्रहो, रग्बी हे आधी गावाचं नाव, मग शाळेचं आणि सगळ्यात शेवटी खेळाचं. लॉरेन्स शेरिफ हा पहिल्या एलिझाबेथ राणीकडे वाणसामान पुरवणारा व्यापारी. इंग्लंडच्या वॉरिकशायरमधली ही शाळा १५६७ साली त्याच्या मृत्युपत्रातून उभी राहिली. शाळेच्या मैदानाला ‘क्लोज’ म्हणतात. तिथल्या भिंतीत एक शिळा आहे. तिच्यावर लिहिलंय की १८२३ साली विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने फुटबॉलचे तेव्हाचे नियम झोकात धाब्यावर बसवले, चेंडू उराशी धरला आणि तो पळत सुटला. या खेळाचं वेगळेपण तिथून सुरू झालं.

गोष्ट झकास आहे. फक्त ती घडताना पाहिलेला माणूस कुणाला सापडला नाही.

तेव्हाच्या खेळात चेंडू झेलायला मनाई नव्हतीच. झेलणाऱ्याने मागे सरून तो लाथेने मारायचा, एवढंच. घेऊन पुढे धावायचं नाही. एलिस पुढे धावला, ही हकिकत पहिल्यांदा छापून आली १८७६ साली. लिहिणारे मॅथ्यू ब्लॉक्सम हे शाळेचेच माजी विद्यार्थी, पण त्या घटनेच्या आधीच शाळा सोडून गेलेले. म्हणजे सगळी ऐकीव माहिती. त्यांनी आधी १८२४ साल दिलं, चार वर्षांनी ते १८२३ केलं. एलिस पुढे पाद्री झाला आणि १८७२ साली फ्रान्समध्ये वारला. म्हणजे त्याला विचारायचीही सोय राहिली नव्हती!

१८९५ साली माजी विद्यार्थ्यांनी या हकिकतीच्या चौकशीसाठी समिती नेमली. साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी उत्तरेतले गिरणीकामगार, खाणकामगार यांचे क्लब खेळापायी मजुरी बुडाल्याच्या भरपाईवरून रग्बीच्या संघटनेतून फुटले होते. अशा वेळी ‘खेळ आमच्या शाळेचा’ हे दगडावर कोरून ठेवावंसं वाटणं मला तरी समजू शकतं. समितीपुढे १८३४ साली शाळेत आलेले टॉमस ह्यूज यांनी सांगितलं की चेंडू घेऊन धावणं तेव्हा अगदीच निषिद्ध नव्हतं. पण तसं धावताना एखादा मुलगा मेला असता, तर रग्बीच्या मुलांच्या पंचमंडळाने ती हत्या समर्थनीय ठरवली असती. एलिसच्या पळण्याला दहा-अकरा वर्षं उलटून गेल्यानंतरची ही अवस्था! धावण्याला रीतसर मान्यता मिळाली १८४०च्या दशकात.

मला त्या शिळेपेक्षा २८ ऑगस्ट १८४५ ही तारीख मोठी वाटते. त्या दिवशी नियम लेखी मंजूर झाले, एकूण ३७. लिहिणारे तिघे विद्यार्थी: विल्यम आर्नल्ड, शर्ली आणि हचिन्स. मास्तरांचा हात नाही. मैदानाचा कारभार वरच्या वर्गातली मुलंच पाहत. नियम वाचताना मजा येते. बुटांच्या तळाला बाहेर आलेले खिळे किंवा लोखंडी पट्ट्या नकोत. तीन दिवसांत एकही गोल झाला नाही तर सामना बरोबरीत, नाहीतर पाच दिवसांनी. आपल्याला कसोटी क्रिकेटचं कौतुक! प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणंही तेव्हा खेळाचाच भाग होतं. याच लाथांवरून ब्लॅकहीथ क्लब १८६३ साली नव्या फुटबॉल असोसिएशनमधून बाहेर पडला. गंमत म्हणजे १८७१ साली रग्बीवाल्यांनी स्वतःची संघटना काढली, तेव्हा त्यांनीही लाथांवर बंदी घातली.

‘ट्राय’ हा शब्दही तिथलाच. गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की गुण मिळत नसे. मिळायची ती फक्त गोलखांबांमधल्या आडव्या दांडीवरून चेंडू मारून बघायची संधी. म्हणून ट्राय.

चेंडूचीही कथा अशीच. शाळेसमोरचे जोडे शिवणारे कारागीर, गिल्बर्ट आणि लिंडन, चेंडू बनवत. आत डुकराचं मूत्राशय, कच्चं, ओलं आणि घाण वासाचं. मातीच्या चिलमीची नळी खुपसून ते तोंडाने फुगवायचं. जसं मूत्राशय, तसा चेंडूचा आकार, लांबट बोरासारखा. लिंडनच्या घरी फुगवायचं काम त्याच्या बायकोकडे, रेबेकाकडे होतं. ती फुप्फुसाच्या आजाराने गेली आणि त्याचं कारण हे फुगवणंच होतं, असं सांगतात. पुढे लिंडनने रबराची पिशवी आणि हाताने मारायचा पंप आणला. या बाईचं नाव एलिसच्या मानाने किती जणांनी ऐकलं असेल?

आता जरा आपल्याकडे येऊ. नियम लिहिणारा सतरा वर्षांचा विल्यम आर्नल्ड हा शाळेचे गाजलेले मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड यांचा मुलगा. तो हिंदुस्थानात आला, पंजाबच्या शिक्षण खात्याचा प्रमुख झाला आणि १८५९ साली मायदेशी परतताना जिब्राल्टरला वारला. पुढे १८७३ साली कलकत्त्यात रग्बीचा क्लब निघाला. काढणाऱ्यांत या शाळेचे माजी विद्यार्थी होते. पण बंगालचा उकाडा, त्यात पोलो आणि टेनिसची ओढ. चार-पाच वर्षांत क्लब मोडला. खात्यात शिल्लक होती ती त्यांनी चांदीच्या रुपयांत काढली, २७० रुपये वितळवले आणि त्यांचा चषक घडवला. त्याला तीन नागांचे कान, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या चषकासाठी भिडतात. पहिला सामना १८७९ साली एडिंबरोत झाला आणि बरोबरीत सुटला.