चंदेरी रंगाने पोलाद होत नाही

[दृश्य : खिडकीजवळचं टेबल. त्यावर राखाडी फोमचा, अजून रंग न लागलेला दांडपट्टा.]

निवेदन :

दांडपट्टा. कोपरापर्यंतचा हात झाकणारा लोखंडी खोबळा, आत मुठीत धरायची आडवी दांडी आणि पुढे लांब, सरळ, लवणारं पातं. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडा शिवाजी महाराजांवर धावून गेला तो पट्टा घेऊनच, आणि जिवा महालाने त्याचा तो हात वरचेवर छाटला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण तिथली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं.

शिवजयंतीची मिरवणूक असो, शाळेचं गॅदरिंग असो की ऐतिहासिक नाटक, पट्टा हवाच. पण गर्दीत, पोरांच्या हातात खरं पातं द्यायचं नसतं. म्हणून तो घरी बनतो, ईव्हीए फोमच्या, म्हणजे हलक्या, मऊ, रबरासारख्या शीटमधून.

आकार बहुतेकांना छान जमतो. घात होतो तो शेवटच्या संध्याकाळी, चंदेरी स्प्रेचा डबा हातात आला की. सगळीकडून सारखा चकचकीत झालेला पट्टा लगेच खेळण्यातला वाटू लागतो.

[दृश्य : स्टीलच्या ताटलीवर पडलेला दिव्याचा उजेड. ताटली हळूहळू कलते.]

असं का होतं, ते स्वयंपाकघरातच बघता येतं. घासून घासून बारीक रेघा पडलेली ताटली दिव्याखाली धरा. उजेडाचा एक लांबट पट्टा दिसेल, आणि तो नेहमी रेघांना आडवा पसरलेला असेल. ताटली कलली की तोही सरकतो. प्रत्येक रेघ म्हणजे एक चिमुकली पन्हळ. ती उजेड आपल्या लांबीच्या दिशेने फारसा फाकू देत नाही, आडवा मात्र पसरवते. अशा हजारो रेघा एकाच दिशेने गेल्या की डोळा म्हणतो, हा धातू. साध्या चंदेरी रंगात धातूचे कण असतात, पण ते कुठल्याच एका दिशेला रांगेत नसतात. त्यामुळे उजेड सगळीकडे सारखाच विखुरतो.

थोडक्यात, काम रंगाचं कमी आणि रेघेचं जास्त.

[दृश्य : खोबळ्यावर ॲल्युमिनियमच्या टेपची पट्टी बसवणारे हात.]

खोबळ्यासाठी एसीच्या डक्टला लावतात ती ॲल्युमिनियमची चिकट टेप घ्या. हा खराच धातू आहे, त्यामुळे त्यावर उठणारी रेघही खरी. पट्ट्या हाताच्या लांबीच्या दिशेने लावा, एकमेकींवर किंचित चढवा आणि चमच्याच्या पाठीने दाबत न्या. बोटांवरचा भाग घुमटासारखा फुगीर असतो. तिथे सरळ पट्टी हमखास चुणते, म्हणून टेप पाकळ्यांच्या आकारात कापून जोडायची. जोड दिसलाच तर त्यावर रिव्हेटची एक ओळ बसवा. लोखंडी पत्र्याच्या कामात ती शोभूनच दिसते.

आता भांडी घासायची हिरवी घासणी. कोरडीच. मनगटाकडून कोपराकडे ओढायची, उचलायची, पुन्हा मनगटापासून. मागेपुढे घासलं की रेघेच्या टोकाला छोटा आकडा वळतो, आणि तो लांबूनही डोळ्यात भरतो. गोल फिरवाल तर सगळंच गेलं. हात हलका ठेवा, कारण टेपचा पत्रा फार पातळ असतो आणि कडांवर लगेच फाटतो.

[दृश्य : खोबळ्याच्या कडेच्या पट्टीवर मास्किंग टेप.]

यातला सर्वात मोलाचा भाग आता. खोबळ्याच्या तोंडाशी जी आडवी पट्टी असते, तिच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा आणि तेवढीच आडवी घासा. मास्किंग काढल्यावर बघा. रंग तोच, पण उजेड दोन्ही भागांवर वेगवेगळा पडतो आणि एकाच फोमचे दोन वेगळे पत्रे जोडल्यासारखे दिसतात. मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा बाकी सगळं सोडा, पण हे सोडू नका.

आणि फार सफाईच्या मागेही लागू नका. लिफ्टच्या दारावर दिसतात तशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघा यंत्राच्या असतात. सतराव्या शतकातलं शस्त्र माणसाने हाताने घासलेलं. रेघा आखूड, थोड्या कमीजास्त. कडा उजळ आणि खाचा काळपट. त्यासाठी काळ्या ॲक्रिलिक रंगात चिमूटभर तपकिरी मिसळा, पाण्याने पातळ करा, सगळीकडे फासा आणि ओला असतानाच फडक्याने रेघांच्याच दिशेने पुसून घ्या. खाचांत राहील तेवढा रंग पुरे. ॲल्युमिनियमची पांढुरकी चमक जाऊन लोखंडाचा करडेपणा येतो.

[दृश्य : लवणारं पातं, जवळून.]

पात्याला ही टेप चालत नाही. पातं लवलं की ती चुरगळते, आणि ती चुणी पुन्हा बसत नाही. तिथे फोमला हीट गनची, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राची, धग द्या, म्हणजे त्याची छिद्रं मिटतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि तोंडावर मास्क असू द्या. मग पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन-तीन हात आणि पूर्ण वाळल्यावर काळा ॲक्रिलिक. त्यावर राठ ब्रश चंदेरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि मुठीपासून टोकापर्यंत ओढायचा. केसागणिक एक रेघ उठते. वरून ६बी पेन्सिलीची पूड फडक्याने त्याच दिशेने चोळली की थंड, गडद झाक येते. ही पूड कपड्यांना लागते, म्हणून शेवटी सॅटिन वार्निशचा एकच पातळ हात द्या. चमक थोडी उतरते, पण मावळ्याचा पांढरा अंगरखा वाचतो.

[दृश्य : रंगमंच, दिवे लागलेले.]

रंगीत तालमीला पट्टा दिव्यांखाली फिरवून प्रेक्षागृहाच्या मागच्या रांगेतून बघा. उजेड खोबळ्यावरून सरकताना दिसला नाही, तर काळ्या रंगाचा आणखी एक हात देऊन पुसा आणि कडांवर घासणी पुन्हा ओढा.