मेणाची वडी

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मालवणकडचे एक काका एसटीने आमच्या लॅबमध्ये आले. पिशवीतून पाण्याची गार बाटली काढली. तिला रबरबँडने बांधलेली रुमालाची पुरचुंडी होती आणि तिच्यात आगपेटीपेक्षा जराशी लहान, प्लॅस्टिकच्या जाळीवर बसवलेली मेणाची वडी. कुणीतरी बजावलं होतं, ऊन लागलं की मेण वितळेल. म्हणून ही गार बाटलीची सोय! वडीत तांदळाच्या कणीएवढे पाच पांढुरके ठिपके दिसत होते. काकूंच्या पोटात दुर्बीण घालून काढलेले तुकडे ते. आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो.

काकूंना वर्षभर ‘पित्त’ होत होतं. सोलकढी झाली, सोडा झाला, मेडिकलमधून गोळ्या झाल्या. वजन उतरलं, शौचाला काळी होऊ लागली, तेव्हा दुर्बीण झाली. जठराचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. या आजाराचं एक मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 साली तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली आणि 2005 साली रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळवलं. अति खारवलेल्या खाण्यानेही धोका वाढतो. खारा बांगडा कायमचा सोडा असं मी म्हणणार नाही (माझ्याच घरात कोण ऐकेल?), पण रोजच्या ताटात नको.

काका विचारत होते, “आता या वडीत आणखी काय बघणार?”

आपल्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी म्हणजे गस्तीची बोट समजा. परकी होडी दिसली की अडवायची. पण काही कॅन्सरपेशी अंगावर पीडी-एल1 नावाचं प्रथिन मिरवतात. तो खोटा परवाना. गस्तवाले बघतात आणि ‘आपलाच दिसतोय’ म्हणून पुढे जातात. गस्तवाल्यांच्या बाजूचा पीडी-1 हा रेणू जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला. 2018 सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं पीडी-1लाच झाकून टाकतात, मग तो परवाना चालत नाही.

वडीतून केसाहूनही पातळ काप काढून आम्ही तो रंगवतो. पीडी-एल1 असेल तिथे तपकिरी रंग चढतो, बाकी पेशींची केंद्रं निळी. मग मोजणी. तपकिरी झालेल्या कॅन्सरपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या संरक्षक पेशी) यांची बेरीज करायची, तिला एकूण जिवंत कॅन्सरपेशींनी भागायचं आणि शंभरने गुणायचं. हा सीपीएस, म्हणजे कम्बाइन्ड पॉझिटिव्ह स्कोअर. निदान शंभर कॅन्सरपेशी दिसल्या नाहीत तर मोजणीला अर्थ नाही, म्हणून एक तुकडा पुरत नाही. तरीही एकच काच बघून मी 4 म्हणेन आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी 6 म्हणेल. हे मी उघडपणे सांगते, कारण लोक हा आकडा पत्रिकेतल्या मंगळासारखा वाचतात.

आकड्याचा उपयोग मात्र खरा आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, आजार पसरलेल्या आणि सीपीएस 5 किंवा जास्त असलेल्या रुग्णांत नुसत्या केमोवर असलेल्यांपैकी निम्मे 11.1 महिने किंवा जास्त जगले. केमोला निवोलुमॅबची जोड मिळालेल्यांत तोच आकडा 14.4 महिने झाला. सव्वातीन महिने. कुणाला थोडे वाटतील, कुणाच्या घरात तेवढ्यात लेकीचं लग्न होतं. औषध महाग आहे, तेव्हा हा हिशोब घरच्यांसमोर मांडायलाच हवा.

काकांच्या वडीवर आणखी चार रंग केले. एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2, एमएसएच6. ही प्रथिनं म्हणजे पेशीतले मुद्रितशोधक, डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारे. ते गैरहजर असले की चुकांचा ढीग होतो आणि चुका इतक्या की गस्तवाल्यांना ती पेशी परकी आहे हे सहज कळतं. असे रुग्ण थोडेच असतात, पण त्यांना ही औषधं इतरांपेक्षा फार चांगली लागू पडतात. एपस्टीन-बार विषाणू असलेल्या गाठींतही लिम्फोसाइटची अशीच दाटी दिसते.

गावातल्या लॅबच्या साध्या सीबीसीतूनही, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतूनही, अंदाज येतो. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्याने भागा. उत्तर मोठं असेल तर सर्वसाधारणपणे आजार जड जातो. पण साधा ताप किंवा स्टेरॉइडची गोळीही ते वाढवते, म्हणून घरी बसून कॅल्क्युलेटर चालवू नका.

काकूंच्या कापावर चारांपैकी दोन रंग उमटलेच नाहीत, एमएलएच1 आणि पीएमएस2. मी काच दुसऱ्यांदा रंगवून पाहिली, तेच. रिपोर्ट घेऊन काका परळला टाटामध्ये निघाले. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

“बाय, ती वडी माका परत गावतली मा?”

मी ती त्यांच्या रुमालात बांधून दिली. बाटली पुन्हा गार पाण्याने भरायला आमचा शिपाई धावला.