भराव

(दृश्य: हॉटेलचा हॉल. काचेखाली मॉडेल, त्यावर वाकलेली माणसं.)

कॉलेज रोडवरचं एक हॉटेल, रविवारची दुपार. काचेच्या पेटीत निळं प्लास्टिकचं पाणी आणि त्यात आडवं पडलेलं खजुराचं झाड. मधे बुंधा, दोन्ही बाजूंना झावळ्या, झावळ्यांच्या कडेनं साबुदाण्याएवढी घरं. सूट घातलेला मुलगा सांगतोय, "सर, दार उघडलं की थेट बीच." हे सर म्हणजे पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार. ते चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि त्यांनी विचारलं, "पाया कशावर आहे याचा?"

मुलानं हसून ब्रोशर पुढे केलं.

दुबईतली घरं विकणारी असली प्रदर्शनं नाशिकला लागतात यात नवल नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. घरात चार माणसं असली की दहा लाख झाले. दुबईत घर घेणाऱ्या परदेशी मंडळींत भारतीय कायम वरच्या नंबरावर असतात. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी कुठे लावायचा, तो त्यांचा प्रश्न. आम्ही मात्र त्या पायावरच अडकलो.

(दृश्य: अंतराळ स्थानकातून टिपलेलं छायाचित्र, हळूहळू जवळ.)

ही पाम जुमेरा, दुबईनं समुद्रात भराव टाकून केलेलं खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट. २००१ मध्ये काम सुरू झालं तेव्हा इथे दहाएक मीटर खोल पाणी होतं. नखील ही दुबईची सरकारी बांधकाम कंपनी मालक, आणि भराव टाकणारी व्हॅन ऑर्ड ही हॉलंडची कंपनी. तिचं मुख्यालय रॉटरडॅमला. हो, तेच रॉटरडॅम, जिथे आपल्या द्राक्षांचे कंटेनर उतरतात.

झाडाचा आकार शोभेचा वाटतो, पण त्यात चोख हिशेब आहे. गोल बेट केलं असतं तर पाण्याकाठची घरं थोडी आणि आतली जास्त झाली असती. झावळ्या काढल्या की जवळजवळ प्रत्येक बंगला काठावर येतो, आणि भाव काठाचाच असतो.

(दृश्य: पाण्याची बाटली, आत पिवळसर तांबूस वाळू. हाताचा क्लोजअप.)

आता वाळू. दुबईला वाळूची काय कमी, असं आम्हालाही वाटायचं. आमच्या कॅमेरामनचा मावसभाऊ तिकडे नोकरीला आहे. त्यानं येताना वाळवंटातली एक बाटलीभर वाळू आणली. ती आम्ही पंचवटीतल्या एका साइटवर मिस्त्रींच्या हातावर ओतली. चाळीस वर्षं थापी धरलेला हात आहे तो. त्यांनी मूठ आवळली, सोडली, अंगठ्यानं दाणे चोळले. मग शेजारच्या ढिगातली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, दुसऱ्या हातात घेतली आणि दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले.

"ही बोचती बघा. अन् ही? ही रांगोळी आहे, भाऊ. दारात टाका, भिंतीत नका टाकू."

मिस्त्रींनी चार वाक्यांत सांगितलं ते असं. वाळवंटातला दाणा वाऱ्यानं हजारो वर्षं घासून गुळगुळीत, गोल झालेला असतो. एक दाणा दुसऱ्यात अडकत नाही. पाण्यात ढीग घालायला गेलं तर तो पसरतो, टिकत नाही. म्हणून वाळवंटाच्या दारात उभ्या असलेल्या शहरानं बेटासाठी वाळू काढली ती समुद्राच्या तळातून.

(दृश्य: ड्रेजर जहाज. सोंडेसारखा पाइप खाली जाताना. वाळूची कमान.)

हे जहाज बघा. पोटात मोठी हौद, बाजूला लांब पाइप. पाइप तळाला टेकतो आणि जहाज पुढे सरकत राहतं, घरात व्हॅक्युम क्लीनर फिरवतात तसं. वाळू आणि पाणी एकत्रच वर खेचलं जातं. जड वाळू हौदात खाली बसते. वरचं पाणी बारीक गाळासकट पुन्हा समुद्रात सांडून दिलं जातं. जहाजाच्या मागे दुधी पट्टा दिसतोय ना, तो हा गाळ. तो नजरेत ठेवा.

हौद भरली की जहाज इतकं दबतं की काठ पाण्याला लागेल की काय असं वाटतं. मग ते जागेवर येतं आणि पुढच्या तोंडातून वाळू हवेत फेकतं. ही कमान. या कामाला तिकडे रेनबोइंग म्हणतात, इंद्रधनुष्य काढणं. वाळू नेमकी कुठे पडतेय ते उपग्रहाच्या मदतीनं मोजत जायचं. जास्त पडली तर झावळी जाड होणार, कमी पडली तर कुणाचं तरी अंगण पाण्यात जाणार. दिवसरात्र हेच काम. एवढी शूटिंग आम्ही पाहिली, पण ही कमान बघताना नजर हटत नाही, हे मान्य करायला पाहिजे.

एकूण वाळू लागली ९ कोटी ४० लाख घनमीटर. आपल्याकडे वाळू ब्रासमध्ये मोजतात, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तर हे झाले साधारण ३ कोटी ३० लाख ब्रास. पाच ब्रासची हायवा, म्हणजे मोठा डंपर, धरली तर ६६ लाख खेपा. अजून जवळचं सांगायचं तर नाशिकच्या गंगापूर धरणात पाणी मावतं ५,६३० दशलक्ष घनफूट. ही वाळू त्यात ओतली तर निम्म्याहून जास्त धरण वाळूनं भरेल.

नुसती ओतून भागत नाही. नुकती पडलेली वाळू भुसभुशीत असते. भूकंपाचा हादरा बसला तर ती पाण्यासारखी वाहू शकते. म्हणून लांब सळईसारखी यंत्रं तिच्या पोटात खुपसून थरथरवली. पायलीत धान्य भरताना आपण ठोकून ठोकून बसवतो, तसंच. ज्या वाळूवर बंगले उभे आहेत, ती अशी ठोकून बसवलेली आहे. बागायतदार साहेब, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

(दृश्य: बाहेरचा दगडी बांध, वरून.)

झाडाभोवती ही चंद्रकोर. लाटा अडवायला ११ किलोमीटर लांबीचा दगडी बांध. त्यात ७० लाख टन दगड गेला, आणि तो हजर पर्वतातून फोडून आणला. डोंगर समुद्रात नेऊन ठेवला म्हणायचा. नाशिकजवळच्या सारूळच्या दगडखाणींवरून रोज जाणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही.

बांधानं लाटा अडवल्या, आणि पाणीही अडवलं. झावळ्यांच्या मधलं पाणी हलेना, साचायला लागलं. मग बांधाला दोन ठिकाणी खिंडारं पाडावी लागली, तेव्हा कुठे भरती-ओहोटी आत-बाहेर खेळायला लागली.

(दृश्य: पाण्याखालची प्रवाळं. समुद्रगवत. संथ संगीत.)

तो दुधी पट्टा आठवतो? तो खाली बसला तो प्रवाळांवर आणि समुद्रगवतावर. प्रवाळ गुदमरतात, गवताला ऊन मिळत नाही. इराणचं आखात मुळात उथळ आणि तापलेलं. ऑस्ट्रेलियानंतर समुद्रगाय सर्वात जास्त इथेच, आणि ती याच गवतावर जगते. किनाऱ्याचे प्रवाह बदलल्यानं जुने बीच झिजले, त्यांच्यावर पुन्हा वाळू आणून घालावी लागते. बांधाच्या दगडांत मासे आले, थोडं प्रवाळही धरलं, ते खरं आहे.

(दृश्य: उपग्रह छायाचित्र, ठिपक्यांचा नकाशा.)

हे ठिपके म्हणजे 'द वर्ल्ड'. जगाच्या नकाशासारखी मांडलेली ३०० बेटं. इथे लागली ३२ कोटी १० लाख घनमीटर वाळू. म्हणजे दोन गंगापूर धरणं, काठोकाठ. भराव २००८ मध्ये संपला आणि त्याच वर्षी जगात मंदी आली. पुढच्या वर्षी दुबई सरकारचा, नखील ज्यात होती तो सगळा उद्योगसमूह कर्ज फेडायला मुदत मागत होता, आणि अबूधाबीनं हात दिला. बहुतेक बेटं अजून रिकामी आहेत. तिथे बोटीनं जाण्याचं भाडं आम्हाला परवडलं नाही, म्हणून फक्त हे वरचं चित्र.

मलेशियात जोहोरच्या किनाऱ्यावर अशीच भराव टाकून केलेली फॉरेस्ट सिटी आहे. सात लाख माणसांसाठी चार बेटं योजली होती. संध्याकाळी तिथल्या इमारतींत मोजके दिवे दिसतात.

(दृश्य: नांदूरमध्यमेश्वर, पहाटेचं धुकं. आवाज फक्त पक्ष्यांचा, पंधरा सेकंद. मग निवेदन.)

बेट आपोआप होताना बघायचं असेल तर निफाड तालुक्यात या. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा बंधारा शंभर वर्षांहून जुना. नद्यांनी आणलेला गाळ मागे साचत गेला. त्याचे उंचवटे झाले, उंचवट्यांवर गवत आलं, बाभळी आल्या. मग पाखरं आली, आणि २०२० मध्ये हे ठिकाण महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. ही जांभळी पाणकोंबडी. हे चमचे. लांब गुलाबी रेघ दिसतेय ते रोहित.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या चांदोरी-सायखेड्याची माणसं या गाळावर खूश नाहीत. पूर आला की पाणी त्यांच्या दारात उभं राहतं. गाळ काढा, असं ते सांगतात, आणि त्यांचं चुकत नाही. दुर्बीण घेऊन आलेल्या आमच्यासारख्यांनी ते ऐकून घ्यायला हवं.

(दृश्य: गोदाघाट. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती. आधी उन्हाळ्यातला, मग ऑगस्ट २०१९ चं मोबाइल चित्रण.)

नाशिककर गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. गंगेला किती पूर आहे हे त्याला क्युसेकमध्ये सांगावं लागत नाही. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. २००८, २०१६, २०१९. २०१९ ला मारुती दिसेनासा झाला. हे चित्रण आम्हाला भांडी बाजारातल्या एका दुकानदारानं दिलं. आवाज त्यांच्या घरातल्यांचा आहे, आम्ही तो तसाच ठेवलाय.

(वीस सेकंद मूळ आवाज.)

नदीकाठी दोन रेषा असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई. निळी आणि लालच्या मधे अटी घालून परवानगी, त्यातली एक म्हणजे जोतं लाल रेषेच्या वर हवं. जोतं उचलायचं म्हणजे भराव टाकायचा. आणि या काठावर एक घनमीटर भराव पडला की तेवढं पाणी समोरच्या काठाला जाऊन राहतं. समोर झोपडपट्टी असो, मळा असो, नाहीतर दुसऱ्या बिल्डरचं जोतं असो.

(दृश्य: संध्याकाळ. नदीकाठचा प्लॉट. पत्र्याचं कुंपण, त्यावर 'रिव्हर व्ह्यू'.)

शहराच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर ही जागा. दोन वर्षांपूर्वी इथे लव्हाळं होतं आणि ढोरं पाण्यावर उतरायची. त्यांची वाट अजून दिसते, ती कुंपणाखाली जाऊन संपते. निळी रेषा इथून कुठून जाते ते आम्ही नकाशा घेऊन शोधत होतो. रेषेचा दगड असतो म्हणतात. आम्हाला मुरुमाचा ढीग सापडला.

हायवा मागे घेतली जाते, डाला उचलतो, मुरूम घसरतो, धूळ उडते. पोकलेन ती सपाट करतो. मागच्या बाजूनं मुरूम थेट पाण्यात उतरतोय, आणि तिथे पाण्यावर एक दुधी पट्टा तयार झालाय, तांबूस, खाली वाहत जाणारा. कॅमेरा तिथेच ठेवला होता. पाऊण तासात चौदा गाड्या रिकाम्या झाल्या.

पंधरावी वळत होती तेव्हा वॉचमन आला आणि म्हणाला, "दादा, बंद करा ते. मला विचारतील."

(पडदा काळा. ट्रक मागे घेतानाचा पीं-पीं आवाज सुरू राहतो.)