साठ किलोंचा नमुना

(दृश्य: कचऱ्याची गाडी शेडमध्ये मागे येते. हौदा वर उचलला जातो.)

इंग्लंडमधल्या सुका कचरा निवडणाऱ्या कारखान्यात दिवस असा सुरू होतो. काँक्रीटवर ढीग पडतो. दुधाच्या बाटल्या, बिअरचे कॅन, पुठ्ठ्याचे खोके, दह्याचे डबे. शिवाय जे यात यायलाच नको ते सगळं: डायपर, बूट, एखादी जुनी इस्त्री. लोडर हा ढीग उचलून पट्ट्यावर टाकेल आणि पुढचं काम यंत्रं करतील. पण त्याआधी यातला थोडा माल बाजूला काढायचा असतो. साठ किलो.

हे साठ किलो माणसं हातानं निवडतात, काट्यावर टाकतात, वजनं लिहून घेतात. दर तिमाहीला हे आकडे सरकारच्या पर्यावरण यंत्रणेकडे जातात.

नियम तसा नवा नाही. वर्षाला 1,000 टन किंवा त्याहून जास्त मिश्र सुका कचरा घेणाऱ्या कारखान्यांना तो 2014 पासून लागू आहे. जुन्या हिशेबात 125 टनांमागे एक नमुना घ्यायचा आणि त्याचे चार भाग पाडायचे: काच, धातू, कागद, प्लॅस्टिक. 1 ऑक्टोबर 2024 पासून 75 टनांमागे एक नमुना आणि चाराऐवजी दहा भाग. ॲल्युमिनियम वेगळं, पोलाद वेगळं. कागद आणि पुठ्ठा वेगवेगळे. प्लॅस्टिकच्या बाटल्या एकीकडे, डबे आणि ट्रे दुसरीकडे, पिशव्या आणि वेष्टनं तिसरीकडे. वर प्रत्येक पुरवठादाराचा हिशेब स्वतंत्र.

कागदावर हा किरकोळ बदल वाटतो. कॉव्हेंट्रीचा शेरबोर्न प्रकल्प घ्या. आठ स्थानिक कौन्सिलांच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकांच्या, मालकीचा, 2023 मध्ये सुरू झालेला. क्षमता वर्षाला 1,75,000 टन. एवढा माल जुन्या नियमात 1,400 नमुने मागतो. नव्या नियमात 2,300 हून अधिक. म्हणजे वर्षाकाठी साधारण 140 टन कचरा फक्त मोजण्यासाठी हातानं निवडायचा.

आणि तरीही नमुना किती? टनामागे 800 ग्रॅम.

(दृश्य: लोडरचं बकेट ढिगात शिरतं.)

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. पण भात एकाच भांड्यात, एकाच पाण्यात शिजलेला असतो. हा ढीग तसा नसतो. काच फुटून तळाशी जाते, पिशव्या वर तरंगतात, ओला माल गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतो. लोडरवाल्यानं सोयीची म्हणून समोरची कड उचलली, तर कौन्सिलचा कचरा आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसेल. खालून खरवडून घेतलं तर उलट. त्यामुळे नमुना कुठून घ्यायचा हे आयत्या वेळी माणसाच्या मर्जीवर सोडून चालत नाही. माझ्या मते या सगळ्या नियमातला सर्वांत नाजूक क्षण हाच. पुढचे सगळे दशांश त्या एका बकेटवर उभे असतात.

(दृश्य: निवडण्याचं टेबल, जवळून. हातमोजे घातलेले हात.)

आता टेबलावर या. पहिली वस्तू, कॉफीचा कप. कागद? नाही. आत प्लॅस्टिकचा थर आहे, म्हणून तो तिसऱ्याच डब्यात जातो, दुधा-रसाच्या खोक्यांबरोबर. दुसरी वस्तू, दुधाची बाटली, अर्धी भरलेली. दूध ओतून टाकलं तर वजन बदलतं, नाही ओतलं तर प्लॅस्टिकच्या नावावर दूध चढतं. तिसरी, पावसात भिजलेलं वर्तमानपत्र. इंग्लंडमधल्या पावसाळी आठवड्यात कागदाचा टक्का आपोआप वाढतो आणि त्यात वाचकांचा काहीच हात नसतो. मग येतो पुठ्ठ्याचा खोका आणि त्याच्या पोटात कोंबलेला थर्माकोलचा तुकडा.

अशा प्रत्येक वस्तूवर टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकच उत्तर द्यायला हवं. सकाळच्या पाळीनं जे पुठ्ठा म्हटलं ते रात्रीच्या पाळीनं कागद म्हणून चालणार नाही. म्हणून कारखान्यांचा खरा खर्च टेबलांवर आणि काट्यांवर होत नाही, तो माणसं शिकवण्यावर होतो. ढिगाशेजारी भिंतीवर फोटो लावलेले असतात, हे इकडे, ते तिकडे.

एवढा आटापिटा कशासाठी? पैशासाठी, आणि यात लाजण्यासारखं काही नाही.

ब्रिटनमध्ये आता घरगुती पॅकेजिंग गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च ते पॅकेजिंग बाजारात आणणाऱ्या कंपन्यांकडून वसूल होतो. 2025-26 या पहिल्या वर्षाचे टनामागचे दर असे: काच 192 पौंड, कागद आणि पुठ्ठा 196, प्लॅस्टिक 423. आणि तो मघाचा कॉफीचा कप ज्या गटात बसतो, त्याचा दर 461 पौंड. कप कुठल्या डब्यात पडतो याला अर्थ आहे तो असा. हा पैसा पुढे कौन्सिलांकडे जातो. कुठल्या भागातून काय येतं, किती येतं, किती निरुपयोगी निघतं, हे कोणीतरी मोजल्याशिवाय ही व्यवस्था चालत नाही.

कौन्सिलांचा कारखान्यांशी जुना वाद आहेच. तुमच्या मालात घाण जास्त, म्हणून दर वाढवतो, असं कारखाना म्हणतो. दाखवा, असं कौन्सिल म्हणते. चीननं 2018 मध्ये बाहेरून येणाऱ्या टाकाऊ मालात अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त भेसळ चालणार नाही असं ठरवल्यावर तर हा वाद चांगलाच तापला. आता निदान भांडायला दोघांकडे सारखा आकडा असतो.

अडचणी कुठे आल्या? आधी जागेच्या. जुन्या शेड एका तासाला किती टन निघतील हे पाहून बांधलेल्या. निवांत उभं राहून साठ किलो निवडायला तिथं कोपरा नाही. ट्रक, लोडर आणि माणसं एकाच जमिनीवर असल्यानं टेबल कुठेही टाकता येत नाही. दुसरी अडचण आधीच्या टप्प्यावरची. बऱ्याच कौन्सिलांचा माल वाटेतल्या साठवण केंद्रात रिकामा होतो आणि दुसऱ्यांच्या मालात मिसळून पुढे जातो. एकदा मिसळला की कोणाचा कोणता, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून नवा नियम या केंद्रांपर्यंतही गेला आहे.

(दृश्य: धावता पट्टा, वर कॅमेरा.)

पट्ट्यावर कॅमेरे बसवून, संगणकाकडून वस्तू ओळखून घेणाऱ्या कंपन्या आहेत. लंडनची ग्रेपॅरट त्यातली एक. रोजचा कारभार सुधारायला हे उपयोगी आहे, कारण कॅमेरा सगळा माल पाहतो, टनामागे 800 ग्रॅम नव्हे. पण कॅमेरा वरचा थर पाहतो, वजन तो अंदाजानं सांगतो, आणि बाटलीत दूध आहे का हे त्याला नेहमी कळेलच असं नाही.

आपल्याकडे काय? प्लॅस्टिकबाबत 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली. पुनर्वापर करणारे कारखाने ‘इतकं प्लॅस्टिक पुनर्वापरात आणलं’ अशी प्रमाणपत्रं तयार करतात, उत्पादक ती विकत घेतात, सगळं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर. 2023 मध्ये मंडळानं मोजक्या चार कारखान्यांची तपासणी केली. गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांतल्या या तपासणीत सुमारे 6 लाख प्रमाणपत्रं बनावट निघाली. पोर्टल होतं, लॉगिन होतं, आकडे भरलेले होते. त्या आकड्यांमागे माल नव्हता.

इंग्लंडचं टेबल उचलून इथं ठेवून भागणार नाही. आपला बराचसा सुका कचरा कारखान्यात पोचण्याआधीच कचरावेचक आणि भंगारवाल्यांच्या हातून निवडून झालेला असतो. पुण्यात ‘स्वच्छ’सारखी कचरावेचकांचीच सहकारी संस्था दारोदार फिरते. चुरगाळल्याच्या आवाजावरून प्लॅस्टिकची जात सांगणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांच्या वजनाची नोंद मात्र भंगाराच्या दुकानातल्या वहीत राहते, पोर्टलपर्यंत पोचत नाही.

(दृश्य: गठ्ठे रचलेलं गोदाम.)

इंग्लंडमधल्या टेबलावरचा माल लवकरच पुन्हा बदलणार आहे. 31 मार्च 2027 पर्यंत प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वेष्टनंही घरोघरून गोळा करायची आहेत. ऑक्टोबर 2027 पासून पेयांच्या प्लॅस्टिक बाटल्या आणि कॅनवर अनामत रक्कम सुरू व्हायची आहे. बाटली परत करा, पैसे घ्या. म्हणजे कारखान्याला चांगला भाव मिळवून देणारे ॲल्युमिनियमचे कॅन घरच्या डब्यातून निघून जातील आणि भाव नसलेल्या पिशव्या आत येतील. कौन्सिलांबरोबरचे दराचे करार तेव्हा नव्यानं ठरवावे लागतील, आणि त्या बैठकीत दोन्ही बाजूंच्या हातात याच टेबलावरचे आकडे असतील.